पाचव्या जागेची टाळी

वली मास्तरचा बाप मोहरमात ताशा वाजवायचा. एवढ्या एका गोष्टीवरनं साळेतला गाण्याचा तास वलीच्या गळ्यात पडला.

आंबुळखेड म्हणजे जळकोटापासनं दोन कोस आत, काळ्या रानातलं गाव. निजामाच्या अमदानीत तिथली साळा उर्दूची. वली तवा एकोणीस वर्षांचा, पोरांना अलिफ-बे शिकवायचा. पोलीस ॲक्शन झाली, साळा वर्षभर बंद पडली, आणि उघडली ती मराठीची होऊन. फळा तोच, खडू तोच, मास्तरही तोच. फक्त अक्षरं उजवीकडनं निघायची ती डावीकडनं निघाया लागली. वलीनं मराठीची परीक्षा तिसऱ्या खेपेला काढली. पण कागदावर तो हंगामीच राहिला. दर मार्चअखेर नोकरी संपायची, दर जूनला नवा हुकूम यायचा. सालगड्याला पाडव्याला इचारतात, ऱ्हातूस का जातूस, तसं. हे असं नऊ वर्षं चाललं.

छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि वरनं नवा अभ्यासक्रम आला. त्यात आठवड्यातनं दोन तास गायन. हेडमास्तर नारायणरावांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि वलीकडं बघितलं.

"वली, हे तू घे."

"मला कुठं येतंय गाणं, गुरुजी?"

"तुझा बाप ताशा वाजवत होता की नाही?"

"व्हय. पण ताशाला सूर कुठं आस्तोय?"

"वाजतं ते सगळं गाणंच. तुळजापूरला दहा दिवसांचं शिबिर आहे, जाऊन ये. आणि नाही म्हणू नकोस. हंगामी माणसानं नाही म्हणू नये."

शिबिरात चाळीस मास्तर आणि पेटी एक. वली मागं खिडकीपाशी बसला. पुढच्यांच्या टोप्यांमधनं जेवढं दिसलं तेवढं शिकला. पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा, तिथनं पुढं एकेक पट्टी, आठव्या पट्टीवर परत सा. चाळीस जण एकदम म्हणायचे. त्या गलक्यात आपला सूर कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला, हे वलीला शेवटपर्यंत कळलं नाही.

परत आला तर साळेत पेटी येऊन बसलेली. गावच्या पाटलांनी दिली होती. त्यांच्या मेलेल्या चुलत्याची. पाटील स्वतः आले, पेटीला हार घातला, नारळ फोडला. वलीनं दुसऱ्या दिवशी भाता ओढून बघितला. डाव्या अंगाच्या पट्ट्या नुसत्या घरघरत होत्या. उजव्या अंगाच्या उंदरांनी खाल्लेल्या. मधल्या तेवढ्या आठ धड, त्यातल्या सात वाजत होत्या. पाचवी दाबली की म्हातारं माणूस उठताना टाकतंय तसा उसासा यायचा. फुस्स.

"गुरुजी, पाचवी पट्टी मुकी हाय."

नारायणराव दचकले. "हळू बोल. पाटलांनी हार घालून दिलेली वस्तू आहे. आता काय जाऊन सांगू, तुमच्या चुलत्याची पेटी मुकी आहे म्हणून? या साळेचं छप्पर त्यांच्या सागवानावर उभं आहे. सात वाजतात ना? मग सातावर भागव."

वलीनं भागवलं. पण पाचव्या जागेला फुस्स झालं की पोरं खिदळायची. धनगराचा बिरू तर तोंडानं भलताच आवाज काढायचा आणि शेजारच्याचं नाव सांगायचा. म्हणून वलीनं त्या जागी टाळी घातली. सा, रे, ग, म, टाळी, ध, नि, सा. पोरांना ते लई आवडलं. प्रार्थनेत पाचवा सूर आला की टाळी. पाटाच्या पाण्याचं एक गाणं वलीनं स्वतः पट्ट्यांवर जुळवलं, त्यातही टाळी. वर्षभरात पोरांच्या अंगात ती टाळी इतकी भिनली, की पाढे म्हणतानाही पाचव्या ओळीला हात वाजायचे. बे चोक आठ, टाळी, बे सक बारा. वलीनं छड्या मारल्या. मारलेले हात लाल व्हायचे आणि तसेच वाजायचे.

दोन वर्षं निभली. एकोणसाठ सालच्या माघात कागद आला.

पुढच्या गुरुवारी तपासणी. हंगामी मास्तरांचा या खेपेला निकाल लागणार होता. कायम, नाहीतर कमी. जून नाही, नवा हुकूम नाही. आणि येणारा साहेब गाण्यातला जाणता होता. लोहाऱ्याकडच्या कुठल्या तरी साळेत त्यानं एका पोरीला एकटीला उभं करून सूर म्हणायला लावले, पोरगी अडखळली, आणि त्यानं मास्तरला एक शब्द न बोलता वही मिटली म्हणे. त्या मास्तरला पंधरा दिवसांत घरी बसवलं.

घरी बायकोनं, चाँदबीनं, त्याच्या पुढ्यातली भाकरी तशीच बघितली. "कैकू फिकर करते जी? नौ बरसां से पढारे ना तुम?"

"नौ बरसां से पढारा. गाना नै आता."

"तो दुसरा काम करना."

दुसरं काम म्हणजे धाकटा भाऊ शब्बीर. तो खांद्यावर कमान टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचा. नाकातोंडात कापूस, रोज नव्या गावच्या पारावर मुक्काम. वलीला घरात दोन पोरी होत्या आणि रान वीतभरही नव्हतं. त्यानं भाकरी झाकून ठेवली.

साळेच्या भिंतीला लागून शांतम्मा बसायची. उकडलेल्या शेंगा, चिंचा, बोरं विकायची. आळंदकडची बाई, उमर साठीच्या पुढं. तरुणपणी तुळजापूरच्या आराध्यांच्या मेळ्यात चौंडकं घेऊन गात हिंडली. आता गुडघे गेले, तवा भिंत धरली. चौंडकं मात्र पोत्यात गुंडाळून टोपल्यामागं ठेवलेलं असायचं. एका हातानं तार ताणायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची, असं ते वाद्य. कागद आला त्याच दिवशी तिनं वलीला हटकलं.

"मास्तर, एक इचारू? राग न्हाय ना यायचा?"

"इचारा की, अक्का."

"ही पोरं दोन वर्सं जिना चढत्यात. चार पायऱ्या नीट चढत्यात, पाचवीवर थपडा वाजवत्यात आन् सहावीवर उडी मारत्यात. कुणाचा पाय मोडला मंजी?"

वली कसंनुसं हसला. "पेटीचा पंचम मुका हाय, अक्का."

"पेटी मुकी. तुमचं नरडं बी मुकं? म्हणा बघू."

वलीनं इकडंतिकडं बघितलं. घसा खाकरला. सा, रे, ग, म... आणि तिथंच थांबला. तोंड उघडं, आत काहीच नाही. त्याचे हात आपसूक वर आले होते. त्यानं ते खाली दाबले आणि परत म्हणून बघितलं. या वेळी जे निघालं ते म आणि ध यांच्या मधलं काहीतरी वाकडं, बांधावर पाय घसरल्यासारखं. पट्टी मुकी, हे त्याला ठाऊक होतं. आपणही मुके झालोत हे त्याला आज कळत होतं.

शांतम्मा हसली नाही. तेच त्याला जास्त लागलं. तिनं पोत्यातनं चौंडकं काढलं, तार ताणली, छेडली. "ही सा. आन् ही तिची पाचवी. ऐकलं? आता ही पोरांच्या नरड्यात घालाय किती दिस हाईत?"

"आठ."

"अय्यो," ती म्हणाली आणि शेंगांवर फडकं टाकलं.

वली आधी नारायणरावांकडं गेला. पेटी सोलापूरला नेतो, चार दिवसांत पट्टी बसवून आणतो, म्हणाला. हेडमास्तरांनी दार लोटून घेतलं. "पेटी जागची हलली की पाटलांना कळलं. तपासणीला ते स्वतः येऊन बसणार आहेत, साहेबांच्या शेजारी. पेटी हलणार नाही."

मग एकच वाट उरली. शिकवलेलं मोडायचं.

त्यानं टाळी बंद केली. चौथीची अडतीस पोरं, अडतीसांचे हात पाठीमागं. भिंतीपलीकडनं शांतम्मा पाचवा सूर द्यायची, अलीकडं पोरांनी तो उचलायचा. पोरं म पर्यंत यायची आणि नाला बघून बैल थांबतो तशी थांबायची. कुणी ध वर उडी मारायचं, कुणी ओरडायचं, कुणाला नुसतंच हसू यायचं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी वलीनं पोरांना सुट्टी न देता पिंपळाखाली बोलावलं. सोमवारी बिरूचे हात सुतळीनं पाठीशी बांधले. तर बिरूनं पाचव्या जागेला पाय आपटला. वलीनं त्याच्या मुस्काटात मारली. नऊ वर्षांत त्यानं कुणाच्या तोंडावर हात टाकला नव्हता.

तेल्याची प्रेमला म्हणून एक पोरगी होती, वर्गातला सगळ्यात सरळ गळा तिचा. ती मागं बांधलेले हात न सोडता म्हणाली, "मास्तर, टाळी काढून घेतली तर सूर कुठनं काढू? त्यो टाळीतच ऱ्हातोय की."

वली तिला रागवायला गेला आणि थांबला. खडू हातात तसाच. बिरूच्या गालावर बोटं उठलेली होती.

"हात सोडा," तो म्हणाला. "सगळ्यांनी. टाळी वाजवा, दाबून वाजवा. आन् टाळी वाजली की त्याच टाळीवर अक्का देतील त्यो सूर ठिवा. टाळी टाकायची न्हाय. तिच्यावर बसायचं."

मंगळवारी निम्मी पोरं बसली. बुधवारी सकाळी अडतीसच्या अडतीस. टाळी वाजली की खालनं जमिनीतनं यावा तसा पंचम यायचा. वलीचा स्वतःचाही आला. पलीकडनं शांतम्मा तिच्या कानडीत ओरडली, "साकु, साकु! पुरं! आता झालं, तम्मा!"

झालं नव्हतं. नारायणराव दारात उभे होते.

"ही टाळी उद्या नको."

"गुरुजी, टाळीबिगर सूर येत न्हाय पोरांचा."

"साहेब विचारेल टाळी कशाची. मग पेटीचं निघेल. पेटीचं निघालं की पाटलांचं निघेल. तू गप्प राहा, मी सांभाळून लिहायला लावतो. पण टाळी ऐकू आली तर मी तुझा नाही." जाता जाता वळून म्हणाले, "आणि त्या बाईला भिंतीपासनं उठव. तपासणीला दारात बाजार नको."

त्या दिवशी दुपारभर पोरांनी टाळी मांडीवर, हळूच, वाजवून बघितली. सूर निघायचा, पण दमेकऱ्यासारखा.

गुरुवारी साहेब जळकोटापर्यंत येष्टीनं आणि तिथनं पाटलांच्या छकड्यात आले. बारकेले, पांढरी टोपी, चष्म्यावर धूळ. पाटील खुर्चीवर बसले, त्यांच्या बाजूला साहेब, मागं नारायणराव उभे. दगडोबा कोतवालानं सकाळीच शांतम्माला उठवून लावलं होतं. वलीनं वर्गात शिरताना भिंतीकडं बघितलं. तिथं शेंगांची फोलपटं तेवढी पडलेली.

आधी गणित झालं. साहेबांनी नेमकं बिरूला उभं केलं. "बेचा पाढा." बिरू आठापर्यंत धाडधाड आला. मग त्याचे हात उचलले. बिरूनं दोन्ही पंजे काखेत खुपसले, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "बे पंचे धा."

"पोरगा विचार करून सांगतो," साहेब म्हणाले आणि काहीतरी टिपलं.

मग गायन. वलीनं पेटीकडं हात नेला.

"पेटी राहू द्या. पेटीच्या आडून कुणीही गातं. गळ्यानं म्हणू द्या."

नारायणरावांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. पाटलांनी मिशीवरनं हात फिरवला. वलीनं सा दिला. अडतीस पोरांनी उचलला. सा, रे, ग, म.

आणि शांत.

हात वर येता येता थांबलेले. बोटं मांडीजवळ येतायत, पण साहेबाच्या नजरेपुढं ती मांडीलाही टेकेनात. तेवढ्या जागेत पाटलांच्या जोड्याचा करकर आवाज ऐकू आला. मग चारपाच जणांनी ध म्हटला, तोही घाबरा.

"पुन्हा."

पुन्हा तसंच. तीच खाच, तेवढीच खोल.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "तू, पोरी. एकटी म्हण."

प्रेमला उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी मागं परकर मुठीत धरला होता. सा, रे, ग, म. तोंड उघडं. डोळे वलीवर. वलीला ते तोंड ओळखीचं वाटलं. आठ दिवसांमागं भिंतीपाशी त्याचं स्वतःचं तसंच झालं होतं. साहेबांनी वही पुढं ओढली. नारायणराव मागनं मान हलवत होते, बारीक, दोनदा: नको.

टाळी वाजली तर पेटीचं निघणार, आणि हेडमास्तर हात झाडणार. न वाजली तर वही मिटणार. वलीच्या मनात शब्बीरची कमान आली, तिची तांत, तिचा तो एकसुरी धूंग-धूंग. तिलासुद्धा सूर होता.

"प्रेमला," तो म्हणाला, "घाल टाळी."

पोरीनं परकर सोडला. टाळी वाजली आणि तिच्यावर पंचम आला. सरळ, भरलेला. पुढं ध, नि, सा कसे गेले ते कुणी ऐकलंच नाही.

"सगळी," वली म्हणाला. "टाळी घालून. सा..."

अडतीस जोड हात पाचव्या जागेला वाजले. वर्गातला पत्रा झणाणला. पंचम असा उभा राहिला की साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे काय आहे?"

"सायब, पेटीची पाचवी पट्टी मुकी हाय," वली म्हणाला. पाटलांकडं बघायचं त्याला धाडस झालं नाही. "दोन वर्सं म्या तिथं टाळी घातली. पोरांचा पंचम म्याच मारला. माझा बी मेला. ह्या आठ दिसांत त्या टाळीवरच बसवलाय. टाळी काढली की पडतोय."

साहेब उठले, भाता ओढला, पाचवी पट्टी दाबली. फुस्स. परत दाबली. फुस्स. बिरूला आवाज काढायची लहर आली असणार. पण आज त्यानं काढला नाही. साहेबांनी हेडमास्तरांकडं बघितलं.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

नारायणरावांनी पाटलांकडं बघितलं. "म्हणजे... पाटीलसाहेबांनी इतक्या प्रेमानं..."

पाटील खुर्चीत मागं रेलले. "काय मुकी? ती तर आमच्या तात्यांच्या वक्तालाच मुकी व्हती. तात्या त्या पट्टीपायी रोज शिव्या द्यायचे. घरात कुणाच्या कामाची न्हाय, म्हणून तर साळंला दिली."

दोन वर्षांचं भेव असं पायाशी येऊन पडलं, आणि ते कुणाचं म्हणून उचलायचं, हे ना नारायणरावांना कळलं ना वलीला.

"पंचम कुणी दिला मुलांना?" साहेबांनी विचारलं. "तुमचा तर गेला होता म्हणता."

इथं वलीला गप्प बसता आलं असतं. "भिंतीपल्याड शांतम्मा म्हणून बाई शेंगा इकती. आराध्यांत चौंडकं वाजवायची. तिनं."

"कुठं आहे ती?"

"आज... बाजाराला गेली असेल," नारायणराव म्हणाले.

दारातनं दगडोबा बोलला, "कशाचा बाजार? म्याच न्हाय का उठवली, गुरुजी? तुमीच सांगितलं की."

साहेब खुर्चीकडं वळले. खाली बसले, बराच वेळ लिहीत राहिले, वही मिटली. लोहाऱ्याकडच्या त्या मास्तरपुढं मिटली होती तशीच. चहा न घेता छकड्यात बसले.

पुढचा दीड महिना वलीला कुणी काही सांगितलं नाही. नारायणराव त्याच्याशी कामापुरतंही बोलेनात. निरोप पोरांच्या हाती यायचे. शब्बीर दोनदा येऊन गेला आणि दोन्ही खेपेला जुनी कमान दाराआड ठेवून गेला. चाँदबीनं ती उचलून आढ्याला टांगली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लखोटा आला. नारायणरावांनी तो फोडला, वाचला आणि टेबलावरनं पुढं सरकवला. वलीनं उभ्यानंच वाचलं. शेरा दोन ओळींचा होता: "शिक्षकास स्वरज्ञान नाही. शिकवण्याची हातोटी आहे. कायम करावे." खाली आणखी एक ओळ: "वर्गातील टाळी क्रमाने बंद करावी."

तो कागद घेऊन तो भिंतीपाशी गेला. शांतम्मा तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी परत येऊन बसली होती, कुणाला न विचारता. वलीनं वाचून दाखवलं.

"काय लिवलंय? सूर न्हाय म्हणून?"

"व्हय. सूर न्हाय. पण कायम केलंय."

"खोटं न्हाय लिवलं," ती म्हणाली. शेंग फोडली, दाणे त्याच्या हातावर ठेवले. "आता कायम झालात तर एकदा टाळीबिगर म्हणा बघू. पोरं न्हाईत. मी एकलीच हाय."

वलीनं दाणे तोंडात टाकले, कागद खिशात घातला आणि हात पाठीमागं बांधले. सा, रे, ग, म...

पाचव्या जागेला त्याचे हात सुटले आणि वाजले.

शांतम्मानं कपाळावर हात मारला. "चला. सायबाला सांगा, लई टाइम लागंल."